माफी मागितली की मिळाली?

या सदराकडे येणारी निम्मी पत्रं सात-बाराची आणि वारसनोंदीची असतात. या महिन्यात मात्र तीन पत्रं अशी आली की ती एकमेकांशेजारी ठेवून उत्तरं द्यावीशी वाटली.

प्रश्न : माझे पणजोबा सोलापूरच्या मिलमध्ये साचेवाले होते. १९३० च्या मार्शल लॉमध्ये (लष्करी कायद्यात) त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली, येरवड्याला होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. आजी दर १२ जानेवारीला आम्हाला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायची आणि परत येताना पणजोबांची गोष्ट सांगायची. गेल्या दिवाळीत सोलापूरचं घर रिकामं करताना एका तसबिरीच्या मागे त्यांचा तुरुंगातून सुटल्याचा कागद निघाला. त्यावर 'माफी' असं चक्क लिहिलेलं आहे. चुलतभावानं त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'म्हणजे माफी मागून सुटले होते तर.' तेव्हापासून वडील आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. खरं काय समजायचं? (एक वाचक, धायरी)

उत्तर : फोटो पाहिल्यावर तुम्हाला फोन करून मूळ कागद घेऊन यायला सांगितलं, कारण फोटोवर मी मत देत नाही. एकतीस वर्षं पुण्याच्या कोर्टात रेकॉर्ड सांभाळलं आहे. फोटोत घडी कळत नाही, शाई कळत नाही, मागची बाजू तर दिसतच नाही. तुम्ही वडिलांना घेऊन आलात, आणि चहा टाकेपर्यंत काकाही आले. त्यांना तुम्ही बोलावलेलं नव्हतं हे तुमच्या चेहऱ्यावरून कळलं, पण बरं झालं आले ते. दोन भाऊ कॉटच्या दोन टोकांना, मध्ये कागद.

आता इतर वाचकांसाठी त्या कागदाचं वर्णन. हाताच्या पंजाएवढा, चार घड्यांचा, मधल्या घडीवर मागून खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली. फॉर्म इंग्रजीत छापलेला, भरलेला मजकूरही इंग्रजीत, काळपट निळ्या शाईत. आणि ज्या शब्दावरून घरात अबोला धरला गेला, तो शाईत नाहीच. तो समासात आहे, शिसपेन्सिलीनं, वेगळ्याच हातानं : 'माफी दि. ३१', म्हणजे दिवस ३१. त्या ओळीतला छापील शब्द आहे 'रेमिशन'. त्याच्या वरच्या ओळीपुढे त्याच पेन्सिलीनं 'पुरी सजा' आणि अगदी खाली 'आज सुटले'. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला कोणीतरी एकेका रकान्याचा अर्थ सांगितला आणि त्याच्या लक्षात राहावा म्हणून शेजारी लिहून ठेवला. ग्रुपवर गेलेल्या फोटोत फक्त समास आहे. छापील अर्धी बाजू कापली गेली आहे.

तुरुंगात 'माफी' म्हणजे रेमिशन. काम नीट केलं, वागणूक नीट राहिली, की शिक्षेतून काही दिवस वजा होतात, ते हे दिवस. येरवड्याहून तारखेला येणारे कैदी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून एकमेकांना विचारायचे, 'तुला माफी किती लागली?' आणि कोणी आत भांडण केलं असलं तर, 'त्याची माफी कापली.' मागितलेली माफी कापता येत नाही हो, कमावलेलीच कापता येते. मराठीत क्षमेलाही माफी आणि शिक्षेतल्या सुटीलाही माफी, त्यात हल्ली हा शब्द उच्चारला की लोकांच्या अस्तन्या आधी वर जातात आणि चष्मा नंतर. तुमच्या चुलतभावाचं तेच झालं.

आता तारखा. शिक्षा सुरू २१ मे १९३०. पुरी सजा भरण्याची तारीख २० मे १९३१. त्यातून ३१ दिवस वजा केले की १९ एप्रिल १९३१ येते, आणि फॉर्मवर ती तारीख तशीच आहे. पण ती एका आडव्या रेघेनं खोडली आहे आणि तिच्यावर दुसऱ्या शाईत, जांभळ्या, लिहिलं आहे ९ मार्च १९३१. म्हणजे माफीचे दिवस धरूनही जेव्हा सुटायचे त्याच्या ४१ दिवस आधी ते बाहेर आले. हे ४१ दिवस माफीचे नाहीत. काकांना मी म्हटलं, तुम्ही चुकीच्या शब्दावरून भांडताय, भांडायचंच तर या जांभळ्या शाईवरून भांडा.

जांभळी शाई कशी आली ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरच्या मिल थंड पडल्या. ८ मेला दारूसाठी लागणारी शिंदीची झाडं तोडण्यावरून गर्दी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, कोर्टालाही आग लागली. पुढचे तीन-चार दिवस शहरात सरकार नावाची चीज नव्हती. १२ मेला लष्करी कायदा लागू झाला, तो ३० जूनपर्यंत टिकला. त्या सात आठवड्यांत लष्करी अंमलदारांच्या हुकमांखाली लोकांना भराभर शिक्षा झाल्या. तुमच्या पणजोबांची त्यातलीच. कलमाच्या जागी मार्शल लॉच्या हुकमाचा क्रमांक आहे, हुकूम मोडल्याचा आरोप आहे, मारहाणीचा किंवा जाळपोळीचा नाही. कोणता हुकूम, ते कागदावर नाही. आजीच्या गोष्टीत ते रात्री तोंडातलं पान थुंकायला बाहेर आले म्हणून पकडले गेले. असेलही.

आजी ज्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायची त्या चौघांना, म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तुमचे पणजोबा तेव्हा त्याच भिंतींच्या आत होते. याबद्दल आजी काही सांगायच्या का, असं मी तुमच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, 'त्या दिवसाचं ते काहीच बोलायचे नाहीत. फक्त संक्रांतीला तिळगूळ घ्यायचे नाहीत.' काका खाली बघत होते. त्यांनाही ते माहीत होतं.

त्या फाशीनंतर बावन्नाव्या दिवशी, ५ मार्च १९३१ ला, गांधी-आयर्विन करार झाला. त्यात कैद्यांविषयीचं कलम आहे : सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ज्यांच्या गुन्ह्यात हिंसा नव्हती, निदान 'तांत्रिक', म्हणजे कायद्याच्या व्याख्येपुरत्या, हिंसेपलीकडे काही नव्हतं, आणि हिंसेची चिथावणीही नव्हती, त्यांना सोडायचं. हुकूम न मानलेल्या सैनिकांना आणि पोलिसांना यातून मुद्दाम वगळलं होतं. पेशावरला निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार देणारे चंद्रसिंग गढवाली त्यामुळे आतच राहिले, ते १९४१ मध्ये सुटले. म्हणजे करार झाल्यावर प्रत्येक तुरुंगात कारकुनांनी एकेक कागद काढायचा आणि ठरवायचं : यात हिंसा आहे का? असली तर ती तांत्रिक की खरी? ज्याच्या कागदावर नुसता हुकूम मोडल्याचा आरोप, त्याचं काम सोपं. करार गुरुवारी झाला आणि तुमचे पणजोबा त्यापुढच्या सोमवारी सुटले. जांभळ्या शाईचा अर्थ एवढाच. ज्यांच्या आरोपात दंगा किंवा जाळपोळ होती, त्यांच्या सुटकेसाठी पुढे पत्रव्यवहार करत बसावं लागलं.

काका शेवटी म्हणाले, 'पण लिहून दिलंच नसेल कशावरून?' प्रश्न रास्त आहे. चळवळीत काहींनी हमी लिहून दिली आणि सुटले, हे खोटं नाही, आणि त्यांच्या घरच्यांनी तोंड लपवावं असंही मला वाटत नाही. आत कोण किती दिवस काढतो ते बाहेर बसून मोजू नये. पण लिहून देणारा माणूस साडेनऊ महिने कशाला थांबेल? आणि एकगठ्ठा सुटकेच्या आठवड्यात सुटणाऱ्याकडे कोणी काही लिहून मागत नव्हतं.

पुण्याचंच उदाहरण सांगतो. टिळकांना १८९७ मध्ये १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा झाली आणि ते ६ सप्टेंबर १८९८ ला सुटले, म्हणजे सहा महिने आधी. अर्ज केला होता तो संस्कृतचे पंडित मॅक्समुल्लर यांच्यासारख्या इंग्लंडातल्या मंडळींनी. सरकारनं सहा महिने सोडले ते अट घालून : पुन्हा राजद्रोहात सापडलात तर हे सहा महिने पुढच्या शिक्षेला जोडू. ही झाली सशर्त माफी. तुमच्या कागदावर अट नाही, हमी नाही, दुसऱ्या कोणत्या फाइलीचा उल्लेखही नाही.

निघताना वडिलांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदाची झेरॉक्स काढली. काकांनी त्याच दुकानातून वेगळी काढली. दुकानदार मला नंतर विचारत होता, दोघं एकाच घरचे ना?

प्रश्न : मी नववीला इतिहास शिकवते. जालियनवाला बागेनंतर पंजाबात झालेल्या फाशीच्या शिक्षा सरकारनं पुढे बहुतेक कमी केल्या असं वाचलं. एका मुलानं वर्गात विचारलं, 'मग सरकारनं चूक मान्य केली ना?' मला पटकन उत्तर सुचलं नाही. (एक शिक्षिका, पुणे)

उत्तर : मुलाला माझा नमस्कार सांगा. वकिली करणारे लोकही हा प्रश्न विचारत नाहीत.

आधी आकडे. १९१९ च्या एप्रिलमध्ये पंजाबात लष्करी कायदा लागला. तीन-तीन सदस्यांचे खास आयोग बसले. त्यांच्यापुढे ८५२ जण उभे केले गेले, ५८१ दोषी ठरले. त्यातल्या १०८ जणांना फाशी, २६५ जणांना जन्मठेप काळं पाणी. बाहेरच्या प्रांतातल्या वकिलांना येऊ दिलं नाही, आणि आयोगाच्या निकालावर अपील नाही. मग प्रांतिक सरकारनं शिक्षा पुन्हा तपासायला घेतल्या. १०८ पैकी २३ फाशी कायम राहिल्या. २६५ जन्मठेपांपैकी फक्त दोन.

दोन! बाकीच्यांच्या जन्मठेपेची ठरावीक वर्षांची शिक्षा झाली. मुलाला धक्का बसला तो इथे, आणि बसायलाच हवा. कुठल्याही खालच्या कोर्टाचे निकाल अपिलात एवढ्या प्रमाणात बदलले तर त्या न्यायाधीशाला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

पण हे असं का झालं, त्याचं कारण आरोपात आहे. आयोगांनी बऱ्याच जणांवर दंड संहितेचं कलम १२१ लावलं, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्ध पुकारणं. या कलमात न्यायाधीशाच्या हातात दोनच शिक्षा : फाशी किंवा जन्मठेप, आणि त्या काळी वर सगळी मालमत्ता जप्त. मधलं काही नाही. तारा तोडणारा, स्टेशन जाळणाऱ्या गर्दीत सापडलेला, सभेत भाषण करणारा, सगळे एकदा का 'युद्धा'त बसवले की मग दोनच दरवाजे उरतात. लाला हरकिशनलाल हे लाहोरचे बँका आणि गिरण्या चालवणारे गृहस्थ, त्यांनाही याच मापानं जन्मठेप आणि जप्ती. शिंप्यानं सगळ्यांचेच अंगरखे सहा वारांचे बेतायचे आणि मग घरोघर जाऊन कापत बसायचं, तसं हे काम. कापणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. शिंपी उलट म्हणतो, बघा, तुमच्यासाठी केवढं केलं.

म्हणून तुमच्या विद्यार्थ्याला फरक असा समजावून सांगा. शिक्षा कमी करणं हे सरकारचं काम होतं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ आणि ४०२ खाली. ४०१ खाली शिक्षा सोडता येते, ४०२ खाली फाशीची जन्मठेप किंवा जन्मठेपेची कैद करता येते. या दोन्हींत 'हा माणूस दोषी होता का' हा प्रश्न उघडावाच लागत नाही. हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांना नंतर या शिक्षा बघायला बसवलं खरं, पण त्यांनी शिफारस करायची होती, निकाल फिरवायचा नव्हता.

याच्या शेजारी चौरीचौरा ठेवा, म्हणजे वर्गाला लगेच दिसेल. पोलीस ठाणं जाळल्याच्या १९२२ च्या त्या प्रकरणात सेशन्स कोर्टानं २२५ आरोपींपैकी १७२ जणांना फाशी सुनावली. तिथे अपील होतं. अलाहाबाद हायकोर्टात मदनमोहन मालवीय उभे राहिले. १९२३ च्या निकालात १९ फाशी कायम राहिल्या, ११० जणांची जन्मठेप झाली, आणि ३८ जण निर्दोष सुटले. हा शेवटचा आकडा फळ्यावर मोठ्यानं लिहा. त्या ३८ जणांचा पुरावा कोणीतरी पुन्हा वाचला. पंजाबात आयोगाच्या निकालानंतर तो वाचला जाण्याची सोयच ठेवली नव्हती.

लाहोरच्या 'ट्रिब्यून'चे संपादक कालीनाथ रॉय यांची गोष्ट मुलांना सांगायला चांगली आहे. त्यांना लेखाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, सरकारनं ती तीन महिन्यांवर आणली. दोन वर्षांचे तीन महिने करताना लेखात राजद्रोह होता की नव्हता, याबद्दल सरकारनं काही म्हटलं नाही. होता तर तीन महिने थोडे, नव्हता तर तीन दिवसही जास्त. माझ्या मते हीच खरी ग्यानबाची मेख आहे, आणि वर्गात वेळ कमी असेल तर एवढं एकच सांगा.

उरलेल्यांची सुटका २३ डिसेंबर १९१९ च्या राजाच्या जाहीरनाम्यानं झाली. पंचम जॉर्जनं नव्या सुधारणा कायद्याला मंजुरी देताना व्हाइसरॉयला राजकीय कैद्यांवर दया दाखवायला सांगितलं. चारच दिवसांनी अमृतसरला काँग्रेस भरली, आणि पंजाबचे नेते डॉ. किचलू आणि डॉ. सत्यपाल तुरुंगातून थेट मंडपात आले. आपले टिळक त्याच काँग्रेसला निघाले होते. जाहीरनामा वाचून त्यांनी वाटेतून राजाला तार केली. 'प्रतियोगी सहकारिता' हा शब्द आपल्याकडे रुळला तो त्या तारेमुळे : तुम्ही जेवढं द्याल तेवढं आम्ही देऊ. जन्मठेप भोगायला गेलेले हरकिशनलाल दोन वर्षांच्या आत पंजाबचे मंत्री झाले. सरकारला आपलीच शिक्षा किती खरी वाटत होती, ते यावरून मुलांनी ठरवावं.

आणि सप्टेंबर १९१९ मध्येच, म्हणजे कैदी सुटण्याआधी, सरकारनं लष्करी कायद्यातल्या अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करून घेतला होता. आधी छत्री, मग दया.

प्रश्न : आमच्या आजोबांनाही सोलापूरच्या मार्शल लॉमध्ये शिक्षा झाली होती. कागद घरात नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात मिळेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पुण्यात नाही. कौन्सिल हॉलजवळ जे आहे ते मुख्यतः पेशवे दफ्तर, तिथे मोडीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, आहेत. तुम्हाला मुंबईला काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जावं लागेल. तिथे होम डिपार्टमेंट, स्पेशल शाखा, साल १९३० आणि १९३१ मागा. मार्शल लॉच्या शिक्षांचं कायदेशीर भांडण मुंबई हायकोर्टातही गेलं होतं. 'चनप्पा शांतिरप्पा विरुद्ध सम्राट' हा निकाल कोणत्याही मोठ्या विधी ग्रंथालयात छापील मिळतो, पण त्यात तुमच्या आजोबांचं नाव शोधू नका.

तुरुंगातल्या नोंदवह्यांची आशा फार धरू नका. एका कचेरीत, नाव घेत नाही, मी स्वतः जुन्या नोंदवह्यांच्या पोत्यावर बसून डबा खाल्ला आहे. पुढच्या खेपेला गेलो तर पोतंही नव्हतं आणि सांगणारा माणूसही नव्हता.

जाताना आडनावाचे सगळे इंग्रजी उच्चार वहीत लिहून न्या. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं, आणि लिहिणारा साहेब कानानं लिहायचा. एकच माणूस तीन कागदांवर तीन आडनावांनी भेटतो. वडिलांचं नाव, पेठ आणि मिल माहीत असेल तर तेही न्या, कारण कधी कधी तेवढ्यावरूनच माणूस ओळखू येतो. धायरीच्या वाचकांच्या कागदावर आडनाव चुकलेलं होतं, मिलचं नाव बरोबर होतं.